डोंगरातल्या गावाचं सांडपाणी : मेळघाटात काम सुरू करणाऱ्यांसाठी

तुम्ही नव्याने ग्रामसेवक म्हणून रुजू झाला असाल, पहिल्यांदाच सरपंच झाला असाल, बचत गट चालवणाऱ्या ताई असाल किंवा गावासाठी काही करावं म्हणणारी तरुण मंडळी असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. लिहिताना डोळ्यांसमोर धारणी-चिखलदऱ्याकडचं दोन-चारशे वस्तीचं गाव ठेवलं आहे. सपाटीवरच्या गावांसाठी छापलेले आराखडे तिथे जसेच्या तसे उचलले, तर त्यांचा उपयोग कमी आणि धोका जास्त असतो. कारण समजून घेतलं की पुढचं काम सोपं जातं.

जल जीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं आणि घरातल्या नळाला माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायचं ठरलं. चारशे माणसांच्या गावात याचे रोजचे 22,000 लिटर होतात. त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी न्हाणीतून, भांड्यांच्या जागेवरून, धुण्याच्या दगडावरून बाहेर पडतं, म्हणजे साधारण 15,000 लिटर. डोक्यावरून गुंडी आणावी लागत होती तेव्हा पाणी जपून वापरलं जायचं, सांडलेलं अंगणातच सुकायचं. आता ते वाट शोधतं, आणि डोंगरात वाट खालीच जाते.

गावाखालची जमीन सातपुड्याची आहे. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला काळा पाषाण. या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच सांगतो : पाणी जिरलं म्हणजे ते शुद्ध झालं असं धरू नका. पाणी शुद्ध करते ती माती आणि मातीतले सूक्ष्मजीव. पाणी हळूहळू मातीतून झिरपलं तर त्यातली घाण अडते, कुजते, रोगजंतू मरतात. तेच पाणी पाषाणाच्या भेगेत उतरलं तर मातीला न भेटताच खालच्या विहिरीत पोचतं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी पाणी ‘जिरलेलं’च दिसतं.

2022 च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यामुळे अतिसाराची साथ पसरली आणि माणसं दगावली. गावाचं सांडपाणी हा विषय नाल्यापुरता किंवा डासांपुरता नाही, हे त्या जुलैनंतर वेगळं सांगायला नको.

आधी पाणी वेगळं करा

घरातून दोन प्रकारचं पाणी निघतं. न्हाणी, भांडी, कपडे यांचं ते सांडपाणी. शौचालयातलं ते मैलापाणी. सांडपाण्यात साबण, तेलकटपणा, खरकटं, माती असते. रोगजंतू असतात पण तुलनेने कमी. मैलापाण्याचं प्रमाण थोडं, पण कॉलरा, काविळ, हगवण, जंत यांचं मूळ त्यातच. म्हणून दोघांची वाट शेवटपर्यंत वेगळी ठेवायची. न्हाणीचा पाइप शौचालयाच्या खड्ड्यात सोडला की खड्डा पाण्याने भरून जातो, मैला कुजत नाही, आणि भरपूर पाण्याबरोबर रोगजंतू दूरवर वाहत जातात. शौचालयाची टाकी उघड्या नालीत सोडली की सगळ्या नालीचंच मैलापाणी होतं.

तिसरं पाणी गोठ्याचं. शेण-मूत्र उकिरड्यावर किंवा नाडेपच्या (कंपोस्ट खताच्या) टाक्यात न्यावं, नालीत नाही. चौथं पावसाचं. मेळघाटात पाऊस खालच्या अमरावतीच्या सपाटीपेक्षा बराच जास्त पडतो. पागोळ्यांचं पाणी सांडपाण्याच्या खड्ड्यात शिरलं तर खड्डा पहिल्याच मुसळधार पावसात गाळाने बसतो. घराच्या वरच्या अंगाला एक छोटा चर खणला की डोंगरावरून येणारं पाणी बाजूने निघून जातं. या चराला खर्च जवळजवळ नाही, आणि तरीही नेमका तोच राहून जातो.

गाव पायी फिरा, शक्यतो पावसात

नकाशा कार्यालयात बसून होत नाही. पहिला जोरदार पाऊस झाला की छत्री घेऊन निघा आणि पाण्याच्या मागे चाला. कुठल्या अंगणातून कुठल्या अंगणात जातं, कुठे साचतं, कुठल्या नाल्याला मिळतं, ते कागदावर काढा. त्याच कागदावर विहिरी, हातपंप, बोअर, नाल्यातले झिरे (पाण्यासाठी उकरलेले खड्डे), गुरांची पाणी प्यायची जागा आणि नळयोजनेची टाकी मांडा. झिरे विसरू नका. योजनेचं पाणी बंद पडलं की लोक त्यांच्याकडेच वळतात.

सोबत गावातल्या दोन-तीन बाया हव्यातच. कुठल्या विहिरीचं पाणी कधी गढूळ होतं, कुठल्या हातपंपाच्या पाण्याला वास येतो, हे त्यांना नेमकं माहीत असतं. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : पाऊस पडल्यावर किती वेळात विहीर गढूळ होते? काही तासांतच होत असेल, तर वरचं पाणी भेगांतून किंवा विहिरीच्या काठावरून थेट आत येतं आहे असं समजा. अशा विहिरीच्या वरच्या अंगाला एकही शोषखड्डा, एकही शौचालयाचा खड्डा नवा घालायचा नाही. जुने असतील ते आधी दुरुस्तीला घ्यायचे.

कोरकू आदिवासींच्या गावांत बरेचदा घरांच्या दोन ओळी समोरासमोर आणि मधोमध रस्ता असतो. अशा गावात मधल्या रस्त्याला सिमेंटची नाली काढायचा मोह होतो, कारण ती दिसते आणि तिचा फोटोही चांगला येतो. पण घरामागे वाडी असेल तर पाणी मागेच वळवलेलं बरं. घरचं पाणी घरीच मुरलं की गावासाठी वेगळं काही बांधायची गरज फार कमी उरते.

माती तपासा

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्याच्याशिवाय एकही खड्डा मंजूर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथे, त्याच्या तळाच्या खोलीपर्यंत, वीतभर रुंदीचं भोक घ्या. कडा सब्बलीने खरवडून मोकळ्या करा, तळाशी दोन बोटं बारीक गिट्टी टाका. भोक पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. कोरड्या जमिनीवर लगेच मोजलं तर आकडा फसवा येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, पाणी गटागट पिते आणि ओली झाली की फुगून बंद होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी भरा, काठीवर खुणा करा आणि पाणी एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर पाहा.

तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ मिनिटं लागली तर खोल खड्डा नको. उथळ आणि लांब चर घ्या, म्हणजे पाण्याला मातीचा जास्त पृष्ठभाग मिळतो. साठच्या वर गेलं तर तिथे पाणी मुरवायचा नाद सोडा आणि ते परसबागेत किंवा खाली सांगितलेल्या गिट्टीच्या वाफ्यात न्या.

चौथा प्रकार डोंगरात हमखास भेटतो. पाणी मिनिटभराच्या आतच नाहीसं होतं. पाहणारे खूश होतात, ‘जागा मस्त आहे’ म्हणतात. ही सगळ्यात वाईट जागा. खाली भेग आहे. जागा बदला. बदलता येतच नसेल तर तळाशी आणि बाजूंनी रेतीचा जाड थर दिल्याशिवाय पाणी सोडू नका.

घरचा शोषखड्डा

पाच माणसांच्या घरातून रोज 180-190 लिटर सांडपाणी निघतं. चांगल्या मुरमात त्याला साधारण एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. माती सुस्त असेल तर मोठा घ्या. तळाशी मोठे गोटे, वर मध्यम, त्यावर बारीक गिट्टी, असा भरायचा. वर गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरून माती टाकायची. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून गाजलेल्या ‘मॅजिक पिट’मध्ये खड्ड्याच्या मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवतात आणि तिच्याभोवती दगड भरतात. गाळ टाकीत बसतो, झाकण काढून उपसता येतो. हा फायदा मोठा आहे, कारण साधा शोषखड्डा बुजतो तो गाळाने आणि साबणाच्या चिकट थराने.

म्हणूनच खड्ड्याच्या आधी गाळ-चेंबर घ्या. न्हाणीच्या तोंडाला जाळी, मग हातभर लांब-रुंद-खोल चेंबर, त्यातून वरच्या अंगाने पाइप खड्ड्याकडे. खरकटं जाळीत अडतं, रेती-राख चेंबरच्या तळाशी बसते, तेल वर तरंगतं. आपल्याकडे भांडी राखेने घासतात तिथे चेंबर लवकर भरतं. दर आठ-पंधरा दिवसांनी एक घमेलं गाळ काढून उकिरड्यावर टाकला की खड्डा वर्षानुवर्षं चालतो.

उताराची दोन पथ्यं. खड्डा शेजाऱ्याच्या घराच्या वरच्या अंगाला, त्याच्या भिंतीजवळ कधीही नको; पाणी उतारावरून त्याच्या जोत्यात उतरेल आणि भांडण तुमच्या ग्रामसभेत येईल. उतार तीव्र असेल तर खड्ड्यातलं पाणी चार पावलं खाली जमिनीतून पाझरून बाहेर येतं. तिथे दगडांचा बांध घालून छोटी सपाटी करा आणि पाणी तिच्यात मुरवा.

वाडी असलेल्या घराला मी शोषखड्ड्याआधी परसबागच सुचवीन. गाळ-चेंबरमधून निघालेलं पाणी केळी, पपई, अळू, हळद यांच्या आळ्यांत सोडायचं, आळ्यात पालापाचोळा भरायचा, आणि दोन-तीन आळी आलटून-पालटून वापरायची. वरच्या हातभर मातीतच सगळ्यात जास्त सूक्ष्मजीव असतात, त्यामुळे तिथे पाणी खोल खड्ड्यापेक्षा चांगलं शुद्ध होतं आणि पाषाणातल्या भेगांपासून दूरही राहतं. फक्त सांभार (कोथिंबीर), मुळा, मेथी यांसारखी कच्ची खायची किंवा जमिनीलगतची पालेभाजी या पाण्यावर घेऊ नका.

शौचालय : दोन खड्डेच

डोंगरातल्या गावासाठी दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाइतकं योग्य दुसरं काही मला माहीत नाही. खोल उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून इंग्रजी ‘वाय’सारख्या दोन वाटा दोन खड्ड्यांकडे जातात. एक वाट विटेने बंद ठेवायची. एक मीटर व्यासाचा, मीटर-सव्वा मीटर खोल, जाळीदार विटकामाचा खड्डा पाच-सहा माणसांना तीन-चार वर्षं पुरतो. भरला की वाट बदलायची आणि भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. तेवढ्यात आतला मैला कुजून काळंभोर, वास नसलेलं खत होतं, रोगजंतू मरतात, आणि ते फावड्याने काढून शेतात टाकता येतं.

तपासणीला गेलात की झाकण उघडून चेंबर बघाच. बऱ्याच ठिकाणी दोन्ही वाटा उघड्या असतात, दोन्ही खड्डे बरोबरीने भरतात आणि मग रिकामा करण्यासारखा एकही राहत नाही. गवंड्याला दोष देण्याआधी घरच्यांना वाट बदलायची पद्धत समजावून सांगा. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. या खड्ड्यांना वर वायूचा पाइप लागत नाही, वायू मातीत मुरतो. दोन खड्ड्यांमध्ये किमान एक मीटर अंतर हवं.

पिण्याच्या पाण्यापासून किमान दहा मीटर आणि खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान दोन मीटर खाली, असा नियम आहे. पातळी पावसाळ्यातली धरा. मे महिन्यात रिकामी दिसणारी विहीर ऑगस्टमध्ये काठोकाठ असते. आणि दहा मीटर हे अंतर मातीतलं आहे. भेगाळलेल्या पाषाणात मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. तिथे विहिरीपासून जितकं दूर आणि खालच्या अंगाला जाता येईल तितकं जा. पाषाण वरच लागला तर सुरुंग लावून खड्डा खोल करू नका, त्याने नव्या भेगा पडतात. खड्डा अर्धा जमिनीच्या वर बांधा, भोवती मातीचा भराव द्या, शौचालयाचं जोतं तेवढं उंच घ्या. भूजल वर असेल तर तळ काँक्रीटने बंद करून भोवती अर्धा मीटर रेतीचं वेष्टन द्या, म्हणजे पाणी रेतीतूनच गाळून बाहेर पडेल.

गावात आधीच सेप्टिक टँक असतील तर ते पाडायची गरज नाही. पण त्यातून निघणारं पाणी शुद्ध नसतं हे लक्षात ठेवा. टँकमध्ये जड घाण खाली बसते इतकंच. बाहेर येणाऱ्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. त्याला शोषखड्डा किंवा गिट्टीचा वाफा हवाच. टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, आणि उपसणारी गाडी घाटातून तुमच्या ढाण्यापर्यंत (पाड्यापर्यंत) येईल का, आली तर तो मैला कुठे रिकामा करेल, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर समाधानकारक नसतं. म्हणूनच नवीन बांधताना दोन खड्डे.

टँकमध्ये माणूस उतरवू नका. एकदाही नाही, ‘फक्त पाहायला’ म्हणूनही नाही. आतल्या विषारी वायूने माणूस काही श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वाचत नाही. 2013 च्या कायद्याने टाकीची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं हा गुन्हा आहे.

जागाच नाही अशा घरांसाठी

दाट वस्ती, आश्रमशाळा, हातपंपाचा ओटा, बाजाराची जागा, इथे सामूहिक व्यवस्था लागते. सांडपाणी बंद पाइपने किंवा झाकलेल्या नालीने वस्तीच्या खाली आणा. शंभराला एक एवढा उतार पुरतो. उतार जास्त असेल तर मध्ये पायरीसारखी चेंबर घ्या. वाटेत गाळ-टाकी, पाणी दिवसभर थांबेल एवढी. तिच्यापुढे गिट्टीचा वाफा.

हा वाफा म्हणजे फक्त 60 सेंटिमीटर खोल लांबट हौद. तळाला शेततळ्याचं प्लास्टिक, कारण खाली पाषाण आहे. त्यात सुपारीएवढी धुतलेली गिट्टी, दोन्ही टोकांना मोठे गोटे. त्यात कर्दळ, पाणकणीस किंवा देवनळ लावायचा. पाणी एका टोकाने शिरतं, गिट्टीच्या आतून सरकत दुसऱ्या टोकाला निघतं, आणि वाटेत मुळांजवळचे सूक्ष्मजीव घाण खाऊन टाकतात. बाहेरच्या पाइपला फिरता कोपरा बसवला की पाण्याची पातळी गिट्टीच्या पृष्ठभागाखाली चार बोटं ठेवता येते. उघडं पाणी दिसतच नाही, त्यामुळे डास होत नाहीत. सांडपाण्यासाठी माणशी साधारण एक चौरस मीटर धरा. शंभर माणसांना 20 मीटर बाय 5 मीटर. एवढी सपाटी डोंगरात मिळत नसेल तर दोन-तीन टप्प्यांत उतरते वाफे करा. वीज लागत नाही, पंप लागत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ तंत्र विकसित केलं आहे.

सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करणारं, विजेवर चालणारं यंत्र कुणी देऊ केलं, फुकट दिलं तरी, नम्रपणे नाही म्हणा. वीज गेली की हवा बंद, हवा बंद की त्यातले सूक्ष्मजीव मेले, आणि दुरुस्तीचा माणूस अमरावतीहून यायचा. सांडपाणी मोकळ्या तळ्यांत साठवून शुद्ध करायची पद्धत विदर्भाच्या उन्हात छान चालते, पण तिला बरीच सपाट जागा लागते आणि काठावरचं गवत सतत काढावं लागतं, नाहीतर डास. पूर्व विदर्भातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावं : हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स डास अशाच घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. जागा वनखात्याची असेल तर टिकास मारण्याआधी परवानगीचं बघा.

पैसा

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्याच्या 2020 च्या सूचनांत पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये धरले होते. त्यातले 70 टक्के मिशनचे, 30 टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. चारशे वस्तीला हे 1,12,000 रुपये होतात. सध्याचा दर पंचायत समितीत विचारून घ्या. शोषखड्ड्याची मजुरी रोजगार हमीतून मिळू शकते. धारणी आणि चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचा) पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो स्वच्छतेवरही खर्च करता येतो. ठराव ग्रामसभेचा लागतो.

ग्रामसभेची तारीख नीट निवडा. मजुरीला बाहेर गेलेली कुटुंबं होळीला गावात परततात. सगळे हजर असतात तेव्हाच आराखडा समोर ठेवा, कोरकूत बोलणारा कुणी सोबत घ्या, आणि खोदकाम एप्रिल-मेमध्ये उरका. जून लागला की उघडा खड्डा गाळाने भरतो.

देखभाल बांधायच्या आधी ठरवा

घरचं चेंबर घरच्यांनी साफ करायचं, आणि ते एकट्या बाईच्या माथी नको. सामूहिक गाळ-टाकीचं काम मानधनावर एका गटाला किंवा व्यक्तीला द्या, हातमोजे-गमबूट द्या, ठरावात रक्कम लिहा. गाळ-टाकी दर तीन महिन्यांनी पाहायची, कर्दळ वर्षातून एकदा छाटायची, मे अखेरीस सगळे चर मोकळे करायचे. हे ठरत नसेल तर वाफा बांधू नका.

शेवटी विहिरीला विचारा

काम जमलं की नाही हे नाली कोरडी दिसण्यावरून कळत नाही. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी किटचं प्रशिक्षण दिलं जातं, त्यात जिवाणू तपासायची बाटली असते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधीचं पाणी तिच्यात खुणेपर्यंत भरा, उबदार जागी ठेवा, 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर मैल्याशी संबंधित दूषितता आहे. पावसाळ्याआधी एकदा, जुलैत एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, प्रत्येक स्रोताची तपासणी करून वहीत तारखेनिशी लिहा.

जुलैची बाटली काळी निघाली तर त्याच दिवशी जलसुरक्षकाकडून टीसीएल टाकून घ्या, ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन आहे का पाहायच्या चाचणीत) पाणी पिवळं होतंय का पाहा, आरोग्य उपकेंद्राला कळवा आणि घरोघरी पाणी उकळून प्यायला सांगा. मग कागदावरचा नकाशा काढा. आधी विहिरीचा कठडा आणि ओटा फुटला आहे का ते बघा. मग वरच्या अंगाचा पावसाचा चर तुंबला आहे का. मग सगळ्यात जवळच्या शौचालयाचं चेंबर उघडून पाहा, न्हाणीचा पाइप त्यात जोडलेला आहे का. त्यातलं काहीच सापडलं नाही, तर वरच्या अंगाचा सगळ्यात झपाट्याने पाणी पिणारा खड्डा बंद करा आणि दोन आठवड्यांनी, टीसीएलचा अंश उतरल्यावर, पुन्हा बाटली भरा.